हलगीशी जमले, मालकंसाशी बिनसले : बेळगावच्या जॅझ संचाचा पहिला अल्बम

बेळगावातील पाच वादकांच्या एका जॅझ संचाने स्वतःच्या सात रचनांचा पहिला अल्बम कॅम्पातील एका छोटेखानी सभागृहात नुकताच प्रकाशित केला आणि त्याच संध्याकाळी त्यांतील बहुतेक रचना श्रोत्यांसमोर वाजवूनही दाखवल्या. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, डबल बास आणि ड्रम्स असा हा संच आहे. पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारी आपल्याकडची मंडळी सहसा गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवरच समाधान मानतात. त्यामुळे एकही उसनी चाल न घेता पाऊण तासाचा अल्बम काढणे कौतुकास्पद आहे. मात्र ते कौतुक बाजूला ठेवून ऐकले, तर तीन रचना पुन्हा ऐकाव्यात अशा, दोन बऱ्या आणि दोन बिघडलेल्या आहेत, असे माझे मत झाले.

जॅझ आणि बेळगाव ही जोडी वाटते तितकी विजोड नाही. येथे लष्करी छावणी आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे बँडची पितळी वाद्ये शहराच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहेत. आणि चोर्ला घाट उतरला की गोवाच. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि तेथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांच्यापैकीच चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्यासोबत १९५१ च्या ‘अलबेला’त होते, म्हणजे मराठी श्रोत्याने जॅझचे नाव ऐकण्याआधीच त्याचा झोका अनुभवला होता.

अल्बमातील दुसरी रचना सर्वांत सरस आहे. तिच्यात पाहुणे वादक म्हणून हलगी घेतली आहे, आणि केवळ गावरान रंग चढवण्यासाठी नव्हे, तर रचनेचा सांगाडाच तिच्यावर उभा केला आहे. हलगीचा आवाज उंच, कोरडा आणि बोचरा असतो. तिच्यासमोर ड्रम्स जोरात वाजले, तर दोन्हींचा नुसता कल्लोळ होतो. हे ओळखून ड्रम्सवादकाने स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम जवळजवळ सोडून दिला आहे आणि झांजेवरचा स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचा, ठेका तेवढा धरून ठेवला आहे. स्विंगमध्ये प्रत्येक मात्रेचे मनातल्या मनात तीन भाग पडतात आणि मधला भाग बहुधा मोकळा राहतो. येथे हलगी सहाच्या चालीत चालत असल्याने ती नेमकी त्या मोकळ्या जागेत काठी टाकते. दोन परंपरांचा मेळ घालायचा, तर तो असा मात्रांच्या हिशेबात बसावा लागतो.

हाच हिशेब पहिल्या रचनेत चुकला आहे. ती मालकंस रागावर बेतलेली आहे. रागात षड्‌ज अढळ असतो आणि प्रत्येक स्वराला त्याच्याशी असलेल्या नात्यातून अर्थ येतो. जॅझमध्ये खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, बदलत जाते आणि वरचा तोच स्वर दर वेळी निराळा भासतो. मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) नाहीत. कीबोर्डवादकाने कॉर्ड भरताना पंचम घेतला की मालकंस विस्कटतो, आणि न घ्यावा तर त्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. येथे दोन्ही घडते : आरंभीच्या आलापीत कीबोर्ड तानपुऱ्यासारखा एकाच जागी बसून राहतो आणि ट्रम्पेटने लय धरताच पंचमासकट कॉर्ड्स कोसळू लागतात. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी येथून हाकेच्या अंतरावर आहे. या भागातील श्रोता रागाच्या बाबतीत सहजासहजी सूट देत नाही, हे या तरुणांना कोणीतरी सांगायला हवे होते. चौथ्या रचनेतही थोड्याफार फरकाने हेच झाले आहे.

गंमत अशी, की रागाकडे जाण्याची योग्य वाट त्यांनी पाचव्या रचनेत स्वतःच शोधली आहे. ती धानी रागाच्या स्वरांवर आहे. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे धानीचे पाच स्वर जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूज या गानप्रकाराच्या मूळ पाच स्वरांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे ब्लूजच्या बारा आवर्तनांच्या चौकटीत कॉर्ड्स सरकत राहिल्या तरी चालीचा चेहरा टिकतो. सॅक्सोफोनवादक मध्येच तीव्र मध्यमावरून पंचमावर घसरतो; धानीत तो स्वर नाही, ब्लूजमध्ये मात्र ती जागा हमखास घेतली जाते, आणि ऐकताना एकही स्वर उपरा वाटत नाही.

ट्रम्पेटवादक लग्नाच्या बँडमध्ये तयार झालेला आहे, हे न सांगताही कळते. मोकळ्या रस्त्यावर वाजवण्याची सवय असल्याने त्याचा स्वर रुंद आणि भरदार आहे, पण द्रुत रचनांत तो इतरांना झाकून टाकतो. सहाव्या, संथ रचनेत त्याने म्यूट (आवाज दबवणारे झाकण) लावून वाजवले आहे आणि तेथे त्याचा दम व संयम दोन्ही दिसतात; माझ्या मते संपूर्ण अल्बमात याहून चांगले एकलवादन नाही. तिसरी आणि सातवी रचना नीटस आहेत, त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

ध्वनिमुद्रणाबाबत मात्र तक्रार आहे. सभागृहात डबल बास छातीत जाणवत होता, तो सीडीवर शोधावा लागतो. फोनच्या स्पीकरवर तर तो नाहीसाच होतो, म्हणून हेडफोन लावूनच ऐकावे. कीबोर्डऐवजी खरा पियानो मिळाला असता, तर संथ रचनेची शेवटची मिनिटे अशी काचेरी वाटली नसती. सोबतच्या पुस्तिकेत वादकांची छायाचित्रे भरपूर आहेत, परंतु कोणती रचना कोणाची, याचा उल्लेख नाही. स्वतंत्र रचनांच्या अल्बमात ही उणीव खटकते. कार्यक्रमातील निवेदन मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, थोडक्यात आणि सुटसुटीत झाले. सीडीची किंमत तीनशे रुपये आहे. हलगीची आणि धानीची अशा दोन रचनांसाठीच ती मी विकत घेतली असती. पुढच्या आवृत्तीत बासचा आवाज वाढवला, तर दुसऱ्यांदाही घेईन.