प्रोबायोटिक दही: काही महिने रोज खाल्ल्यावर

पोट सुधारलं का? सुधारलं. पण सगळं श्रेय या दह्याच्या कपाला द्यायला मी तयार नाही.

दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं आणि पोटाचं तंत्रच बिघडलं. चार घास खाल्ले की पोट डब्ब, सकाळी धावपळ. तेव्हापासून दुपारच्या जेवणात हे दही सुरू केलं, साधं, बिनसाखरेचं. सुरुवातीला गॅस उलट वाढला, मग हळूहळू सगळं जागेवर आलं. आता अँटिबायोटिकनंतरचं पोट बऱ्याचदा आपलं आपणही सावरतं, शिवाय त्याच सुमारास आम्ही रात्रीचं जेवण लवकर उरकायला लागलो होतो. त्यामुळे नक्की गुण कशाचा, सांगणं कठीण.

चव सौम्य, आंबटपणा नावालाच. इतकं घट्ट की सासूबाईंनी विचारलं, "हे दही की खरवस?" दहीभाताला झकास, ताकाला मात्र मजा नाही. कढी तर करूच नका. उकळल्यावर जिवाणू मरतात, मग जादा पैसे कशाचे मोजले?

माझी खरी तक्रार लेबलची. जिवंत जिवाणू घरच्या दह्यातही असतात. प्रोबायोटिक म्हणायचं तर फायदा दाखवून दिलेली ठरावीक जात हवी आणि ती पुरेशा संख्येने हवी. याकुल्ट या प्रोबायोटिक पेयाच्या 65 मिलीच्या बाटलीत 650 कोटी जिवाणू असल्याचं कंपनी सांगते (ते गोड असतं, म्हणून आमच्याकडे मधुमेहामुळे बाद). मी आणते त्या कपावर जिवाणूचं नाव आहे, आकडा नाही. त्यात आमचा दुकानदार रात्री फ्रीज बंद करतो. एकदा झाकण टम्म फुगलेलं निघालं, सरळ परत केलं. आता डेअरीतूनच, तारीख बघून आणते.

दूध पचत नसेल, तर मात्र या महागड्या कपाची गरज नाही. साध्या योगर्टमधले (परदेशी पद्धतीच्या दह्यातले) नेहमीचे दोन जिवाणू लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये मान्य केला. प्रोबायोटिकच्या बहुतेक दाव्यांना तिने नकारच दिलाय.

याचंच विरजणही लावून पाहिलं. पहिलं दही छान लागलं, पुढची तारेची निघाली.

सध्या रोज घरचंच दही, कप अधूनमधून. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर गोळीबरोबर दही नको. कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. मध्ये किती तास सोडायचे ते डॉक्टरांना विचारा.