मिनिव्हॅनचं मागचं अलाइनमेंट: घरी दोरीने, शिम घालून, आर्म बदलून की थेट मशीनवर?

मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात, सरळ रस्त्यावर गाडी जरा तिरकी चालते, आणि पुढचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नुकतंच करूनही स्टीअरिंग मधोमध राहत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा मागच्या चाकांत असतो. मिनिव्हॅनमध्ये त्याचा त्रास जास्त, कारण तिसरी रांग भरली आणि मागे सामान चढलं की सगळा भार मागच्या सस्पेन्शनवर येतो. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर गाडी बसते तसा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेरचा कल) आणखी ऋण होतो, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकतं, आणि टोही (वरून पाहताना चाक सरळ रेषेपासून किती वळलंय तो कोन) हलतो.

माझं मत आधीच सांगतो. मोजमाप घरी करायलाच हवं, ते कुणालाही जमतं. दुरुस्ती घरी करायची की नाही, हे मात्र गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

खाली काय आहे?

दोन मोठे प्रकार. पहिला टॉर्शन बीम: दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली. पुढच्या चाकांवर चालणारी टोयोटा सिएना २०२० च्या मॉडेलपर्यंत अशीच होती. यात कंपनीने टो किंवा कॅम्बर बदलायची सोय सहसा दिलेलीच नसते. दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे). अमेरिकेत विकली जाणारी १९९९ पासूनची होंडा ओडिसी या गटातली. अशा गाड्यांत टोसाठी बहुधा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्मची जागा थोडी सरकवणारा बोल्ट) असतो, पण कॅम्बरसाठी काही असेलच असं नाही.

घरचं काम सोपं की अवघड, हे मुख्यतः इथेच ठरतं.

आणखी एक तपासणी हाताने होते. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर टो बिघडलाय. फक्त एक कड सपाट झिजली असेल, तर कॅम्बरकडे पाहा. मिनिव्हॅनमध्ये बऱ्याचदा दोन्ही खुणा एकत्र दिसतात. टायर झपाट्याने संपवतो तो मुख्यतः टो, त्यामुळे दोन्ही बिघडलेले असले तरी शेवटचा बारकावा टोवर खर्च करा.

मोजमाप: टो प्लेट की दोरी?

टो प्लेट म्हणजे दोन चाकांना टेकवायच्या दोन सरळ पट्ट्या. पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजायचं, वजाबाकी करायची, काम झालं. पटकन होतं, पण मागच्या चाकांसाठी हे अपुरं आहे. प्लेटवर फक्त एकूण टो कळतो, कोणतं चाक चुकलंय ते कळत नाही.

उदाहरण घ्या. डाव्या चाकाचा टो-इन (पुढची कड आत वळलेली) ०.३० अंश आणि उजव्याचा टो-आउट (पुढची कड बाहेर वळलेली) ०.१० अंश. बेरीज ०.२० अंश टो-इन, जी अनेक गाड्यांत मर्यादेत बसते. प्लेटच्या हिशेबाने सगळं ठीक. पण दोन्ही टोंच्या फरकाचा (टो-आउट ऋण धरून) अर्धा भाग म्हणजे थ्रस्ट अँगल, आणि तो इथे ०.२० अंश भरतो. मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतात, आणि सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच वळवावी लागतात. स्टीअरिंगचं गुणोत्तर १६:१ धरलं (स्टीअरिंग १६ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं), तर स्टीअरिंग ३ अंशांहून थोडं जास्त तिरकं राहील. पुढचं अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी यातलं काही सुधारत नाही.

म्हणून मागच्या चाकांसाठी मी दोरीच निवडेन. चार स्टँडवर, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीला, गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणायच्या. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे तंतोतंत सारखं हवं. मग पुढच्या हबपासून दोरीचं अंतर डावीकडे-उजवीकडे सारखं करा, आणि मागच्या हबचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळवायला जाऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आता रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजा. १६ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ४४० मिलिमीटर भरतो, त्यामुळे १ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.१३ अंश. अर्धा मिलिमीटर नीट वाचता आला तर मोजमाप पुरेसं बारीक आहे. रिम स्वतःच थोडा वाकडा असू शकतो, म्हणून गाडी अर्ध्या चाकाच्या फेऱ्याइतकी पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. हँडब्रेक सोडलेला असू द्या आणि पुढच्या चाकांना अडणी लावा.

कॅम्बरला डिजिटल अँगल गेज पुरतो. गेजची चूक ०.१ ते ०.२ अंशांची असते, पण कॅम्बरची मर्यादा टोपेक्षा सैल असल्याने ती चालून जाते. जमीन मात्र तपासा. चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल, तर एक बाजू २६ मिलिमीटर खाली असल्याने १ अंशाची खोटी चूक दिसते.

दुरुस्तीचे रस्ते

*एक्सेंट्रिक बोल्ट.* गाडीत असेल तर हे काम घरी करण्यासारखं आहे आणि मी ते बाहेर देणार नाही. बोल्टची मूळ जागा रंगाने खुणवा, नट सैल करा, बोल्टचं डोकं फिरवून टो जुळवा, नट कसा. अडचण गंजाची. बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी भागाच्या) आतल्या नळीत पकडला गेला की बोल्टऐवजी अख्खा बुश पिळला जातो. गंज काढायचं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा, आणि तरीही हलला नाही तर नवा बोल्ट आणि बुश हाताशी असल्याशिवाय जोर करू नका.

*शिम.* टॉर्शन बीमसाठी व्यवहारात हाच उपाय. हब आणि ॲक्सलच्या (इथे बीमच्या टोकाच्या) मध्ये जाणारी ही पाचरीसारखी गोल चकती, आणि ती कोणत्या कोनात फिरवून बसवली त्यावर टो आणि कॅम्बर दोन्ही एकदम बदलतात. हबच्या बोल्टांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल, तर ०.१ अंशासाठी जाडीत जेमतेम ०.१७ मिलिमीटर फरक लागतो. म्हणूनच बोल्टखाली वॉशर घालण्याचा जुगाड करू नये. जाडी नेमकी साधत नाही, आणि हब पूर्ण टेकत नसल्याने बेअरिंगवर आडवा ताण येतो. पूर्ण पृष्ठभागाला टेकणारी चकतीच घ्या.

शिमबाबत तीन गोष्टी विकत घेण्यापूर्वी पाहा. डिस्क ब्रेक असेल आणि कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट शिमच्या आतल्या बाजूला ॲक्सललाच जोडलेला असेल, तर डिस्क कललेली आणि कॅलिपर जुन्याच जागी अशी स्थिती होते आणि पॅड तिरके झिजतात. एबीएसचा सेन्सर हबच्या बाहेर असेल तर त्याचं अंतर बदलतं. आणि बोल्टला आता कमी आटे मिळतात, जाड शिमला लांब बोल्ट लागू शकतात. शिवाय शिम निवडायला प्रत्येक चाकाचा टो आणि कॅम्बर चिन्हासकट अंशांत लागतो. इथे मी घरच्या आकड्यांवर थांबणार नाही. मशीनचा छापील अहवाल आणून त्यावरून शिम मागवेन, आणि बसवल्यावर दोरीने पडताळून पाहीन.

*ॲडजस्टेबल आर्म.* स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये टो जुळतो पण कॅम्बर हटत नाही, तेव्हा हा मार्ग. वरच्या आणि खालच्या सांध्यांत उभं अंतर ३०० मिलिमीटर असेल, तर वरचा आर्म ५ मिलिमीटर लांब केल्याने कॅम्बर सुमारे १ अंश धन बाजूला सरकतो. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून आधी कॅम्बर, मग टो. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसलेली असेल तर त्याचा बोल्ट काढताना आर्मला जॅकचा भक्कम आधार हवाच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते. असं काम पूर्वी केलेलं नसेल तर आर्म गॅरेजमध्येच बसवून घ्या. हे मी आग्रहाने सांगतोय.

बुशवर फिरणारे बोल्ट शेवटी कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, टॉर्क रेंचने. चाकं हवेत लोंबकळत असताना कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. कसल्यावर गाडी काही मीटर पुढे-मागे ढकला आणि मगच पुन्हा मोजा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खरा आकडा दाखवत नाही.

*मशीन.* चारही चाकांचे कोन एकदम, रिमचा वाकडेपणा वजा करून. अचूकपणात घरचं काही याच्या पुढे जात नाही. पण जिथे फिरवायला बोल्टच नाही तिथे मशीन फक्त लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, आकडा दाखवतं. बीमची गाडी असेल तर वेळ ठरवतानाच विचारा, की शिम बसवून देता का. "फक्त पुढचं करून देतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

मग कुणी काय निवडावं?

बोल्ट सहज फिरतोय आणि सपाट जागा आहे, तर दोरी आणि पाना घेऊन घरीच करा. बीम आहे आणि हब काढण्याची सवय आहे, तर अहवाल मशीनचा आणि मजुरी तुमची. कॅम्बरसाठी आर्म बदलणार असाल, तर बसवा कुठेही, शेवटची जुळणी मशीनवर करा.

एका बाजूचा आकडा दुसरीपेक्षा खूपच वेगळा असेल, तर यातलं काहीच करू नका. आधी फुटपाथला आपटलेलं चाक, वाकलेला आर्म किंवा ॲक्सल, खचलेली स्प्रिंग, फाटलेला बुश शोधा. वाकलेल्या ॲक्सलवर शिम चढवून आकडा हिरवा करता येतो, पण धातू वाकलेलाच राहतो.

गाडीत लेन राखणारा कॅमेरा किंवा रडार असेल तर घरी काम सुरू करण्याआधी मॅन्युअल उघडा. थ्रस्ट अँगल बदलला की गाडीची सरळ दिशाच बदलते, आणि अनेक मॉडेलमध्ये त्यानंतर स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते दोरीने होत नाही, त्यासाठी स्कॅन टूल असलेल्या गॅरेजमध्ये जावंच लागतं. एरवीही मागचं झालं की पुढचं अलाइनमेंट नव्याने करायचं असतंच, तेव्हा दोन्ही कामं त्याच फेरीत उरकून घ्या.