रिफ्रॅक्टरी डायवर आठ महिने: पोर्सिलेनला नावं ठेवण्याआधी

मी डेंटल लॅबमध्ये पोर्सिलेनची व्हिनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, बनवते. आठ महिन्यांपूर्वी प्लॅटिनम फॉइल बाजूला ठेवली आणि ही सगळी कामं रिफ्रॅक्टरी डायवर (भट्टीचा ताप सोसणारी दाताची प्रतिकृती, जिच्यावरच पोर्सिलेन भाजतात) घ्यायला लागले. 0.025 मिमीची ती फॉइल डायवर चापूनचोपून बसवायची, घडी घालायची आणि शेवटी जीव मुठीत धरून सोलायची, ही कसरत संपली म्हणून खूश होते. पण पहिले तीन महिने माझ्या भट्टीतून निघालेली व्हिनिअर कुणाला दाखवायची सोय नव्हती. कुठे करडी झाक, कुठे बुडबुडे, कुठे मार्जिनजवळ (व्हिनिअर दातावर जिथे संपतं ती रेघ) उचललेली कड. मी पोर्सिलेन बदलून पाहिलं, फर्नेसवाल्याला दोनदा बोलावलं. दोघंही निर्दोष निघाले. घोळ डायमध्ये होता, आणि डाय मीच बनवत होते.

डायचं मटेरियल फॉस्फेटवालं असतं: मॅग्नेशियम ऑक्साइड, अमोनियम फॉस्फेट आणि सिलिका. कालवताना नाकाला झोंबतो तो अमोनिया. डाय घट्ट झाली तरी तो सगळा गेलेला नसतो, आणि राहिला तर नेमका पोर्सिलेन वितळत असताना वर येतो. मी सुरुवातीला डाय थेट पोर्सिलेन फर्नेसमध्ये घालून एका छोट्या सायकलमध्ये डिगॅसिंग (तापवून हा वायू घालवणं) उरकत होते. त्यात दुहेरी नुकसान, कारण डाय अर्धवट राहते आणि फर्नेसचं मफलही (आतली तापणारी पोकळी) खराब होतं. आता आधी बर्नआउट फर्नेसमध्ये (साचे तापवायची वेगळी भट्टी) सावकाश तापवते, मग पोर्सिलेन फर्नेसमध्ये व्हॅक्युमखाली, पोर्सिलेनच्या फायरिंगपेक्षा चढ्या तापमानाला. आकडे ज्याने त्याने आपल्या पाकिटातल्या कागदावरचे पाळावेत. माझ्या मटेरियलची डाय नीट झाली की एकसारखी पांढरी दिसते. करडा डाग उरला तर मी ती परत घालते. मार्जिनची रेघ साध्या पेन्सिलीने मारू नका, ती पहिल्याच तापात जळून जाते. भट्टीत टिकणारी वेगळी पेन्सिल मिळते.

इतकी कोरडी ठणठणीत केलेली डाय मग पाण्यात बुडवायची, हे मला आधी पटतच नव्हतं. न भिजवता थर लावला की डाय स्लरीतलं (कालवलेल्या पोर्सिलेनमधलं) पाणी क्षणात ओढते, ब्रशखालीच पोर्सिलेन सुकतं, नीट दाबलं जात नाही आणि भाजल्यावर मार्जिनपासून सुटतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही. फक्त पहिल्या थराला नाही, प्रत्येक थराला. याची दुसरी बाजू अशी, की डायच्या पोटात पाणी असल्यामुळे फर्नेसच्या तोंडाशी वाळवण्याचा वेळ मेटल कोपिंगपेक्षा (पोर्सिलेनखालची धातूची टोपी) बराच वाढवावा लागतो. घाईने आत घेतलं तर वाफ थर फोडून बाहेर पडते. माझं एक सहा दातांचं काम असंच गेलं, डॉक्टरांना फोन करताना जीभ जड झाली होती.

पहिला थर अगदी पातळ, डायची छिद्रं बुजवण्यापुरता, आणि थोड्या चढ्या तापमानाला. तो चकचकीत येईपर्यंत मी पुढे जात नाही. नंतरच्या थरांत आकुंचनाचा हिशोब नेहमीचाच.

तापमानाचं गणित मात्र वेगळं. डाय स्वतःच उष्णता खाते. मेटलचा प्रोग्राम तसाच लावला तर पोर्सिलेन खडूसारखं, कच्चं दिसतं. मी आधी होल्ड (वरच्या तापमानाला थांबण्याचा वेळ) वाढवला, मग दहा-दहा अंशांनी तापमान. डायचा पाया जितका छोटा घासाल तितकं बरं. एक डाय आणि सहा डाय एकाच प्रोग्रामवर चालवू नका. त्याआधी चांदीच्या तारेने फर्नेस तपासून घ्या: चांदी 962 अंशांना वितळते, तुमचा डिस्प्ले काहीही म्हणो.

एकदा तडे कशाने येतायत ते कळेना. कपाटातलं जुनं अॅल्युमिना पोर्सिलेन संपवायच्या नादात मी ते वापरलं होतं. त्याचं तापल्यावरचं प्रसरण साधारण 7-8 (दर अंशाला दशलक्षात इतके भाग), आणि ही डाय ल्युसाइटवाल्या (जास्त प्रसरण पावणारं खनिज असलेल्या) 12-14 च्या पोर्सिलेनसाठी. काटकसर अंगाशी आली.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. प्लास्टरचा बाऊल डायचं मटेरियल कालवायला वापरू नका, प्लास्टरमधल्या जिप्समचा अंश सेटिंग बिघडवतो. आणि ते कालवायचं कोलॉयडल सिलिकाचं लिक्विड एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं.

डाय काढताना मोठा भाग डिस्कने, शेवटचा थर 50 मायक्रॉनच्या काचेच्या मण्यांचा मारा करून, कमी दाबावर. आतून अॅल्युमिनाचे कण मारले तर मार्जिन डोळ्यांदेखत खाल्ली जाते.

फिट फॉइलपेक्षा मला सरस वाटतो, रंगाची खोलीही. तक्रार एकच आणि ती मोठी आहे: डाय गेली की पुन्हा फायरिंग नाही. कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताशी स्पर्श) मी सलग प्लास्टर मॉडेलवर तपासते, तरी इन्सायजल कड (दाताची चावायची धार) अर्धा मिलिमीटर वाढवा असा निरोप आला की काम पहिल्यापासून. म्हणून डुप्लिकेशनचा सिलिकॉन साचा (ज्यात डाय ओतते तो) व्हिनिअर तोंडात चिकटेपर्यंत टाकत नाही. सध्या खणात असे अकरा साचे आहेत, प्रत्येकावर केस नंबर.