मॅग्नाकट, डी-टू, स्वीडिश की लोहाराचं? केळीच्या मळ्यात चार पाती

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. शेत, दुकान आणि घर अशा तिन्ही ठिकाणी एकच खिशातला चाकू वापरणार असाल आणि त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजताना हात आखडत असेल, तर १४सी२८एन या स्वीडिश पोलादाचा घ्या. मॅग्नाकट हे नवं अमेरिकन पोलाद त्याहून सरस आहे, यात वाद नाही. पण ते सरसपण आपल्याकडच्या कुठल्या कामात दिसतं आणि कुठल्या कामात दिसतच नाही, हे कळलं की पैसे कुठे घालायचे ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी चोपडा तालुक्यातला. तापीकाठी थोडी केळी, थोडी कपाशी आणि गावात ठिबकच्या सामानाचं नि खतांचं छोटं दुकान. चाकू दिवसात किती वेळा उघडतो याची मोजदाद नाही: गोणीची शिवण, ठिबकची नळी, सुतळी, खोकी, मधल्या वेळेला कांदा-काकडी. पुण्यात नोकरीला असलेला भाचा गेल्या वर्षी मॅग्नाकटचा घडीचा चाकू ठेवून गेला, "मामा, वर्षभर वापरा आणि खरं सांगा" म्हणून. आमच्या सालदाराने किंमत ऐकली आणि पातं उलटंपालटं करत विचारलं, "भाऊ, येले सोनं लायेल शे का?" प्रश्न रास्त होता. म्हणून तोच चाकू एकटा न वापरता माझ्याकडचे तीनही सोबत फिरवले: स्वीडिश १४सी२८एनचा, ऑनलाइन घेतलेला डी-टू पोलादाचा, आणि गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ठोकून दिलेला. शेवटचा घडीचा नाही, चामड्याच्या म्यानातला आहे. पण कामाला तो कायम बरोबरीने असतो, म्हणून त्याला वगळणं अन्यायाचं झालं असतं.

नवं म्हणजे नेमकं काय नवं

मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आलं. लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने ते खास चाकूसाठी बेतलं आणि क्रुसिबल या अमेरिकन कंपनीने बनवलं. खास चाकूसाठी हे मुद्दाम सांगतोय, कारण डी-टू मुळात पत्रा कापायच्या, ठोकायच्या डायसाठीचं पोलाद आहे आणि आपलं कमानीचं पोलाद तर ट्रकचं ओझं पेलायला जन्माला आलेलं.

त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पोलाद गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घालतात. पण कार्बन त्या क्रोमियमला धरून बसतो आणि दोघांचे कठीण कण बनतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. कणात अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला उपयोगी पडत नाही. डी-टूमध्ये क्रोमियम जवळजवळ १२ टक्के आणि कार्बन दीड टक्का असतो. पगार मोठा, पण निम्मा हप्त्यातच जातो अशी त्याची गत. मॅग्नाकटमध्ये क्रोमियम १०.७ टक्केच आहे, म्हणजे डी-टूपेक्षा कमी. पण सोबत ४ टक्के व्हॅनेडियम आणि २ टक्के नायोबियम हे दोन धातू घातलेत. कार्बनला तेच दोघे धरतात आणि क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं राहतं. म्हणून कागदावर कमी क्रोमियमचं हे पोलाद डी-टूपेक्षा कितीतरी कमी गंजतं.

दुसरी गोष्ट भुकटीची. वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याची भुकटी करतात आणि ती डब्यात भरून उष्णतेने नि दाबाने एकजीव करतात. त्यामुळे कार्बाइडचे कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले राहतात. डी-टू ओतीव. त्यात हे कण मोठे आणि ओळीने साठलेले असतात, आणि धारेला खांड पडते ती बहुधा तिथेच.

१४सी२८एनचा मार्ग निराळा. त्यात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन. मोठे कार्बाइड जवळपास नाहीतच. साधं, चिवट, बारीक पोताचं पोलाद.

केळीचा चीक

चार पात्यांमधला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर घड कापायच्या दिवशी मळ्यात या. घड उतरवायला कोयताच लागतो, ते खिशातल्या चाकूचं काम नाही. पण फण्या मोकळ्या करणं, वाळलेली पानं काढणं, घडाखालचं केळफूल उतरवणं यात छोटा चाकू सतत हातात असतो. चिकात टॅनिन असतं. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारच. ज्याच्या सदऱ्यावर केळीचा डाग पडलाय त्याला तो डाग निघत नाही हे सांगायला नको.

लोहाराचं पातं पहिल्या अर्ध्या तासातच काळंनिळं झालं. हा दोष समजू नका. हा काळा थर बसला की तांबडा गंज थोडा उशिरा येतो. आमच्याकडचे जुने लोक पातं घासून चकचकीत करत नाहीत, ते त्यामुळेच. मात्र त्याच पात्याने लोणच्याच्या कैरीची फोड चिरली तर फोडीच्या कडा काळपटतात आणि जिभेला लोखंड लागतं. घरातल्या मंडळींनी तो चाकू स्वयंपाकघरात आणायला बंदी केली आहे, आणि मला त्यात बोलायला जागा नाही.

डी-टूने सगळ्यात जास्त निराश केलं. काळा थर सारखा बसत नाही. ठिपके पडतात. एकदा चीक लागलेलं पातं न पुसता तसंच मिटून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी धारेजवळ बारीक खड्डे दिसले. पृष्ठभागावरचा ठिपका घासून जाईल, पण धारेवरचा खड्डा म्हणजे धारच गेली. १४सी२८एन आणि मॅग्नाकट दोन्हींवर चीक नुसता वाळून चिकटला, ओल्या फडक्याने आणि थोड्या गोड्या तेलाने निघाला. इथे दोघांत मला काही फरक दिसला नाही. चिकासाठी म्हणून मॅग्नाकट घेत असाल, तर ते पैसे वाया.

मे महिन्याचंही सांगायला हवं. पारा ४४-४५ वर गेला की खिशातला चाकू घामाने भिजलेला असतो, आणि घामातलं मीठ पावसापेक्षा वाईट. घडीच्या चाकूत पात्यापेक्षा आतली स्प्रिंग आणि बिजागरीचा स्क्रू आधी तांबूस होतो. ते सुटे भाग पात्याच्या पोलादाचे नसतात, त्यामुळे पातं कितीही भारी असलं तरी आठवड्याला एक थेंब तेल सुटत नाही.

धूळ ही खरी परीक्षा

धार बोथट होते ती कापलेल्या वस्तूने, असं आपण धरून चालतो. ठिबकची नळी म्हणजे मऊ प्लास्टिक, त्याने काय होणार? पण नळीवर आमच्या काळ्या मातीची आणि वाळूची पूड बसलेली असते. वाळूचा कण, म्हणजे गारगोटीच, चाकूच्या कुठल्याही पोलादाच्या अंगापेक्षा कठीण असतो. त्याहून कठीण असतात फक्त पोलादातले कार्बाइड, आणि त्यातही व्हॅनेडियमचे सगळ्यात कठीण. त्यामुळे ज्या पोलादात असे कण जास्त, ते धुळीला जास्त वेळ तोंड देतं.

इथे मॅग्नाकटने आपली किंमत दाखवली. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, बदलायच्या दिवसांत लोहाराचं पातं दुपारच्या आत बोथट. १४सी२८एन संध्याकाळी कागद कापत नव्हतं, पण सुतळी कापत होतं. डी-टू आणि मॅग्नाकट दुसऱ्या दिवशीही कामाचे होते. त्या दोघांत मॅग्नाकट पुढे, पण अंतर मोठं नाही. धार टिकण्याच्या बाबतीत डी-टूला उगाच नावं ठेवणार नाही.

मग खोक्यांची पाळी आली. दुकानातला माल, निर्यातीच्या केळीसाठीची खोकी, प्लास्टिकच्या पट्ट्या. पुठ्ठा दिसतो मऊ, पण धार खातो. हे काम रोज तासन् तास करणारे लोक आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. रावेर-सावद्याकडच्या पॅकहाउसांमध्ये बघा. त्यांच्यासाठी मॅग्नाकट चैन नाही. पुठ्ठ्यातली लोखंडी पिन लागली तेव्हा डी-टूच्या धारेला नखाला जाणवेल अशी खांड पडली. १४सी२८एनची धार वाकली आणि चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार हात मारल्यावर सरळ झाली. मॅग्नाकटवर बारीक चपटा ठिपका पडला, पण तुकडा उडाला नाही.

धार कोण लावणार?

मॅग्नाकटची धार जास्त टिकते हे सगळे सांगतात. गेल्यावर परत आणायला काय लागतं, ते कमी जण सांगतात. व्हॅनेडियमचे कार्बाइड कुरुंदाहून कठीण आहेत. घरातल्या कुरुंदाच्या दगडावर हे पातं घासलं तर कण झिजायच्या आधी भोवतीचं पोलाद झिजतं. धार येते, पण वेळ खाते आणि नवी असताना होती तशी येत नाही. हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी घेतली की काम सोपं होतं. या वर्गातल्या इतर भारी पोलादांच्या मानाने मॅग्नाकट धार लावायला सोपं आहे, हेही कबूल करतो. पण ती पट्टी तुमच्याकडे आहे का, आणि नसेल तर तिचा खर्च चाकूच्या किमतीत धरलाय का?

१४सी२८एनला हा प्रश्न नाही. साध्या दगडावर पाणी टाकून पाच-सात मिनिटं, मग जुन्या पट्ट्याचं चामडं, आणि मनगटावरचे केस निघतात. लोहाराचं तर ओट्याच्या कडप्प्यावरही लागतं. डी-टूला या बाबतीत मी सगळ्यात खाली ठेवतो. दगडावर घसरतं, आणि काठावर चढलेली बारीक मुरड निघता निघत नाही.

सायकलवरच्या धारवाल्याला यातलं एकही भारी पातं देऊ नका. राग नका मानू, त्याच्या चाकावर विळे-कोयते उत्तम होतात. पण कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. कड निळी पडली की समजायचं, तिथलं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला कडकपणा, उतरलं. मग पोलाद मॅग्नाकट असो नाहीतर कमानीचं, ती कड मऊच राहणार.

पाण्यावरून आठवलं. लोहाराकडे गेलात तर तो कमानीचा पाटा कुठल्या गाडीचा हे सांगत बसत नाही, पाणी कसं दिलं ते सांगतो. कंपनीच्या चाकूंचंही तेच आहे. मॅग्नाकट साधारण ६२-६३ रॉकवेलला (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) नेलं तर त्याचा खरा गुण दिसतो, आणि कुणी ५९ वर सोडलं तर नाव मॅग्नाकटचं, काम मध्यम. माझा डी-टूचा चाकू खरंच डी-टू होता का, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पात्यावर कोरलेलं होतं, विकणाऱ्याने सांगितलं होतं, इतकंच. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून कडकपणाचा आकडा स्पष्ट छापणारा बनवणारा निवडा. व्हिक्टोरिनॉक्स वर्षानुवर्षं ५६ रॉकवेलच्या आसपासचं मऊ पोलाद वापरते आणि ते लपवत नाही. त्यांचा छोटा चाकू आयुष्यभर वापरलेले लोक मला माहीत आहेत.

पोलादाच्या आधी पात्याची जाडी

भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याला थोडं वाईट वाटलं. त्याच्या मॅग्नाकटचं पातं जाडजूड आहे. भरताला कांद्याची पात चिरायला घेतलं तर पात चेंगरते, कांदा चिरत नाही, फुटतो. माझ्या १४सी२८एनचं पातं धारेपाशी पातळ आहे, आणि बोथट झाल्यावरही ते वांग्यातून, काकडीतून सरळ जातं. धारेमागची जाडी आणि धारेचा कोन यांनी कापणं ठरतं, आणि ते किती दिवस तसं राहील हे पोलादाने. दुकानात चाकू हातात घेतलात तर पात्यावर कोरलेलं नाव वाचण्याआधी ते समोरून बघा.

लांबी तीन-साडेतीन इंच पुरे. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी मोर्चा, मिरवणूक, निवडणूक असल्या दिवशी चाकू घरीच ठेवा. विमानाला जाताना तर सामानात, हातातल्या पिशवीत नाही.

मग कुणी काय घ्यावं

दिवसभर खोकी, पट्ट्या, धुळीची दोरी कापणारा, हिऱ्याची पट्टी घ्यायची तयारी असलेला, चाकू न हरवणारा, अशाने मॅग्नाकट जरूर घ्यावा. चाकू न हरवणारा हे गमतीने लिहिलेलं नाही. मळ्यात पाटाच्या कडेला विसरलेले माझे तीन चाकू तापीमाईच्या हवाली झालेत. डी-टू फक्त कोरडं काम करणाऱ्याने घ्यावं, गोदामात वगैरे, तेही स्वस्तात मिळालं तरच. लोहाराचं पातं प्रत्येक शेतकऱ्याकडे एक असावंच. झाडाच्या फांदीपासून वेलीपर्यंत कशालाही घाला, मोडलं तर तोच जोडून देतो. फक्त पुसायचा कंटाळा नको.

दिवाळीला भाचा आला तेव्हा त्याचा चाकू धार लावून परत दिला. हिऱ्याची पट्टी मात्र ठेवून घेतली, तिची सवय झालीय. आणि १४सी२८एनचा दुसरा मागवला, एक खिशात, एक दुकानाच्या गल्ल्यात. दोन्ही मिळून मॅग्नाकटच्या किमतीत बरेच पैसे उरले.