फेल्को दोन नंबर, पण असली

द्राक्षबागेत नऊ बाय पाच फूट अंतरावर एकरात ९६८ झाडं बसतात. झाडाला सरासरी ३५ काड्या धरा. म्हणजे ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीत, एकरी जवळपास चौतीस हजार वेळा कात्री दाबायची. हा हिशोब आधी मांडला असता तर बाजारातल्या दोनशे रुपयांच्या कात्र्यांत मी चार वर्षं घालवली नसती, थेट फेल्को ही स्विस छाटणीची कात्री घेतली असती.

त्या बिननावाच्या कात्र्या पहिल्या दिवशी झकास चालतात. मग मधला नट ढिला होतो, पातं आणि खालचा ओठ यांच्यात फट पडते आणि काडी कापण्याऐवजी पिचते. काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या जागेच्या, वर नीट काप घ्यावा, तर साल सोलत खाली येते. नट आवळावा तर कात्री उघडत नाही. एका छाटणीत स्प्रिंग टुणकन उडून काड्यांच्या ढिगात गेली. छाटल्यावर दोन दिवसांत डोळे फुटण्यासाठीची पेस्ट लागते, माणसं सांगून ठेवलेली, त्यामुळे थांबायची सोय नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून दिवस काढला आणि रात्री अंगठा वाकेना.

मग लुधियानाच्या फाल्कन कंपनीची कात्री घेतली, साडेचारशेला. चांगली आहे. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळीतल्या बऱ्याच बायकांकडे हीच दिसते. धार मात्र लवकर जाते. दुपारच्या भाकरीला बसलं की दगडावर दोन हात मारावे लागतात.

फेल्को दोन नंबर पिंपळगावात साडेपाच हजाराला पडली. (दोन नंबर हे मॉडेल आहे. डुप्लिकेट लाल दांड्याच्याही मिळतात, त्या वेगळ्या.) ‘एवढ्यात सोन्याची येईल,’ हे म्हणाले. मी त्यांना सोन्याचा भाव सांगितला.

पैसे कुठे गेले ते हातात घेतल्यावर कळतं. वजन २४० ग्रॅम, दांड्या ॲल्युमिनियमच्या. मध्ये दातेरी चाकी आहे. ती एकेक दात फिरवून पातं हवं तेवढंच आवळायचं, वर छोटी पट्टी स्क्रूने बसवायची, की चाकी हलत नाही. दांड्यांच्या मध्ये रबराची बारकी गादी आहे. काडी तुटल्यावर दांड्या एकमेकींवर आपटतात तो हिसका ती खाते. दिवसाच्या शेवटी मनगटाला जाणवतो तो फरक या गादीचा. पात्याच्या मुळाशी तारेसाठी खाच आहे, मांडवाची बारीक तार तिथेच कापायची, धारेवर नाही. आमच्या धाकट्या दिरांनी धारेवर कापली, त्यामुळे पात्याला पडलेला खड्डा अजून दिसतो.

शिवाय पातं, स्प्रिंग, स्क्रू सगळं सुटं मिळतं. तीन हंगामांत मी एक स्प्रिंग बदलली. धार फक्त बाहेरच्या उताराला द्यायची. आतली सपाट बाजू घासली की पुन्हा फट पडते आणि महागडी कात्रीही काडी पिचायला लागते.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगितली नाही. टोळीतल्या मावशींना मी हौसेने ही कात्री दिली. एक ओळ छाटून त्यांनी परत केली. ‘हात भरत नाय, बाई,’ म्हणाल्या आणि स्वतःची जुनी फाल्कन घेऊन पुढे गेल्या. मला वाटलं, सवयीचा प्रश्न. मग स्वतःचा हात नीट पाहिला. पूर्ण उघडलेल्या दांडीला माझी बोटं टोकानेच पोचत होती, म्हणून दर वेळी मी पकड सरकवत होते. ही कात्री मोठ्या हाताची आहे. लहान हातांसाठी फेल्कोचीच सहा नंबर येते, डावखुऱ्यांसाठी नऊ.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी (फळं काढल्यावरची छाटणी) सहा नंबर मागवणार आहे. दोन नंबर यांच्या हाताला अगदी बरोबर बसते. आता यांनीही छाटायला यावं.