त्या फोटोतल्या सहा जणी आम्ही आहोत

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर सहा बायका उभ्या आहेत. सगळ्या हसतायत, एकीच्या हातात लाल छत्री आहे. पुण्यातल्या एका खाद्यसफरीची जाहिरात म्हणून हा फोटो सध्या इन्स्टाग्रामवर फिरतोय. खाली लिहिलंय, 'आमचे आनंदी पाहुणे'. डावीकडून दुसरी मी आहे. फोटो काढला तेव्हा सफर सुरूही झाली नव्हती, आणि त्या दिवसापायी एकूण १४,८५० रुपये आमच्या हातातून गेले. तो फोटो बघून आणखी कुणी पैसे भरू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही साताऱ्याच्या एकाच शाळेच्या, १९९३च्या दहावीच्या. जानेवारीत सगळ्या दोन दिवस माझ्याकडे कोथरूडला राहायला आल्या. कोल्हापूरची मैत्रीण आधीच म्हणाली होती, "तुळशीबागेत खरेदी कितीदा केली गं. या वेळी पेठांत फिरव, खायला घाल, आणि कुणीतरी माहिती सांगणारं असू दे बरोबर." मलाही ते पटलं. बावीस वर्षं पुण्यात आहे, पण कसब्यातल्या गल्लीत उभी राहून दोन वाक्यं धड सांगता येतील असं नाही.

शोधताना ही जाहिरात दिसली. साडेतीन तास, आठ ठिकाणं, माणशी १,६५०, दहापेक्षा जास्त माणसं नाहीत. आठही नावं अशी, की पुण्यात कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. प्रत्येक नावाशेजारी त्या दुकानाच्या पाटीचा फोटो. मी धरून चालले की ही दुकानं यांच्याबरोबर आहेत. पाटीचा फोटो रस्त्याने जाणारा कुणीही काढू शकतो, हे तेव्हा मनात आलं नाही. आठांपैकी एका दुकानात जरी फोन केला असता तरी सगळं तिथेच थांबलं असतं.

समोरचा माणूस फोन उचलायचा नाही, व्हॉट्सॲपवर मात्र लगेच उत्तर द्यायचा. कुणी जैन आहे का, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत का, गुडघ्यांचा त्रास आहे का, कारण एका ठिकाणी जिना आहे. इतकी काळजीने चौकशी करणारा माणूस फसवत असेल असं वाटेल का? पैसे यूपीआयने आधी पूर्ण मागितले. खात्याला नाव भलत्याच माणसाचं दिसलं, म्हणून विचारलं, तर म्हणे, "कंपनीचं अकाउंट नवीन उघडतोय, तोवर पार्टनरच्या खात्यात." जाहिरातीत 'फक्त तीन जागा शिल्लक' असं होतं आणि मला सहा हव्या होत्या. "ताई, तुमच्यासाठी ॲडजस्ट करतो," म्हणाला. मी ९,९०० रुपये पाठवले. पावती म्हणून एक रंगीत चित्र आलं. त्यावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, कुणाचं नाव नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. सफर दुपारी चारची, आणि यादीत पेठेतली जुनी मिसळ. त्यातली बरीच ठिकाणं सकाळची असतात, दुपारी रस्सा संपला की शटर खाली. मी स्वतः दीड वाजता जाऊन हात हलवत परत आलेली आहे. चार वाजता ती मिसळ कुठून मिळणार?

त्या दिवशी आम्ही पावणेचारला पोहोचलो. चार वाजून चाळीस मिनिटांनी पाठीवर सॅक अडकवलेला एक मुलगा आला, आणि पाठोपाठ आणखी तेरा माणसं. म्हणजे एकूण एकोणीस. त्याने आधी प्रत्येक गटाचा फोटो काढला. आमचा तो फोटो तेव्हाचा.

मग तो बोलायला लागला. पाठ केलेलं बोलतोय हे कळत होतं. मंडई पेशव्यांनी बांधली, म्हणाला. मंडईची इमारत १८८६ सालची, इंग्रजांच्या काळातली. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने तिला 'रे मार्केट' म्हणायचे, महात्मा फुल्यांचं नाव नंतर दिलं गेलं. बाजीरावसाहेब आणि मस्तानी मिळून मस्तानी प्यायचे, असंही त्याने सांगितलं. दोघंही १७४० साली गेले. आइस्क्रीमचा गोळा टाकलेलं दूध शनिवारवाड्यात कुठून येणार? बरोबर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, ती हे सगळं वहीत लिहून घेत होती. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. पैसे जातात ते जातात, पण आपल्या गावाबद्दल असं काहीबाही पुढच्या पिढीच्या वहीत जाऊन बसतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. पहिल्या ठिकाणी चौघांत एक वडा. मिसळीचं दुकान बंदच होतं. तिसऱ्या ठिकाणी एकोणीस जणांत पाच पेले पियूष. चौथं दुकान नावाजलेलं. तिथे त्याने सगळ्यांना बाहेरच फुटपाथवर उभं केलं, "आत गर्दी आहे, इथूनच फोटो घ्या," म्हणाला. मला राहवलं नाही. मी आत गेले आणि गल्ल्यावरच्या काकांना विचारलं, "सफरीच्या लोकांचं तुमच्याकडे बुकिंग असतं ना?"

ते म्हणाले, "कसली सफर? बाई, आमच्याकडे कुणाचंच बुकिंग नसतं. रांगेत या, पैसे द्या, खा. बाहेर उभं राहून नुसते फोटो काढून जाणारे मात्र हल्ली दर शनिवारी दिसतात."

बाहेर येऊन मी त्या मुलाला बाजूला घेतलं. तो रडवेला झाला. लातूरकडचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. एका सफरीचे पाचशे रुपये ठरले होते, मागच्या दोन सफरींचे अजून मिळालेले नव्हते. पाठ करायचा मजकूर व्हॉट्सॲपवर आलेला. आजच्या खाण्यासाठी हातात बाराशे रुपये दिले होते. ज्याच्यासाठी काम करत होता त्याला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. बाकीच्यांनीही १,६५० भरले असतील तर एकोणीस जणांचे ३१,३५० होतात, आणि त्यातून खायला बाराशे. मी त्याच्यावर ओरडायला गेले होते, ते जमलं नाही. नाशिकच्या मैत्रिणीने त्याला आमच्याबरोबर चहा पाजला आणि हे काम सोड म्हणून सांगितलं.

इथवर आमचे ९,९०० गेले होते. खरी फसवणूक रात्री झाली, आणि तीच मला नीट सांगायची आहे, कारण चिडलेल्या माणसाला गाठण्यासाठीच ती रचलेली असते.

घरी आल्यावर मी त्या नंबरवर कडक मेसेज केला, पैसे परत करा नाहीतर पोलिसांत जाते. सव्वानऊला फोन आला, पहिल्यांदाच. आवाज अगदी नम्र. "ताई, चूक आमची आहे, मुलगा नवीन होता. सगळे पैसे परत करतो. लिमिटमुळे एकदम जाणार नाहीत, दोनदा पाठवतो." माणूस चूक कबूल करतोय म्हटल्यावर माझा राग उतरला, आणि रागाबरोबर सावधपणाही. त्याने एक क्यूआर कोड पाठवला. त्यावर 'रिफंड ४,९५०' असं लिहिलेलं. मी तो माझ्या फोनने स्कॅन केला. रक्कम आधीच भरलेली दिसली. पिन मागितला, मी टाकला. खात्यातून ४,९५० वजा झाल्याचा मेसेज आला.

तो म्हणाला, "अरेरे, सर्व्हरने उलटं केलं. थांबा, आता पूर्ण रकमेचा कोड पाठवतो, हे पण त्यातच परत येतील." दुसरा कोड आला, १४,८५०चा. मी स्कॅन करणार तेवढ्यात नाशिकची मैत्रीण स्वयंपाकघरातून आली. ती बँकेत नोकरी करते. तिने फोन काढूनच घेतला. "अगं, पैसे येताना पिन लागत नाही! पिन टाकला की पैसे जातातच."

एवढं साधं. मी रोज भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देते आणि हे मला त्या क्षणी आठवलं नाही. क्यूआरवर 'रिफंड' लिहिलेलं असो, 'बक्षीस' लिहिलेलं असो, स्कॅन करून पिन टाकणं म्हणजे आपण पैसे देणं.

लगेच तिने १९३० लावायला सांगितला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. त्यांनी बँकेचं नाव, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरली, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. अर्ध्या तासात हे सगळं झालं म्हणून ३,१०० रुपये पुढच्या खात्यात अडवता आले, बाकीचे तोवर तिथून काढले गेले होते. अडवलेले परत मिळायला वेळ लागतो, मला अजून मिळालेले नाहीत. बँकेने सांगितलं की पिन मी स्वतः टाकल्यामुळे भरपाई त्यांच्याकडून मागता येणार नाही.

सफरीच्या ९,९००साठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? आमच्याकडे ना नाव ना पत्ता. ती रंगीत पावती हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की तिच्यावर काहीच का लिहिलेलं नव्हतं. पैसे भरण्याआधी बिल मागा, त्यावर नाव, पत्ता आहे का बघा. नसेल तर कितीही गोड बोलत असेल तरी सोडून द्या.

पुण्यात अशा सफरी मन लावून करणारी माणसं आहेत, त्यांच्या पोटावर पाय यावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. फेब्रुवारीत माझी भाची अशाच एका सफरीला जाऊन आली. सात माणसं होती, सकाळी साडेसातला सुरू, मिसळ आधी. गल्ल्यावरचे लोक वाटाड्याला नावाने हाक मारत होते. त्याने थोडे पैसे आधी घेतले, बाकीचे शेवटी.

आमची त्या दिवशीची रात्र रडारडीत गेली. मुंबईहून आलेल्या दोघींनी आपापले पैसे माझ्या हातात कोंबायचा प्रयत्न केला, मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवारी आठ वाजता आम्ही सहा जणी नारायण पेठेत रांगेत उभ्या राहिलो, पाऊण तासाने बसायला जागा मिळाली आणि पोटभर मिसळ खाल्ली.

त्या पानाविरुद्ध मी आणि माझ्या मुलाने रिपोर्ट केलं. आठवड्याने ते गायब झालं. परवा कोल्हापूरच्या मैत्रिणीने एक लिंक पाठवली. नाव नवीन, रंग नवीन, फोटो आमचाच, लाल छत्रीसकट. खाली लिहिलंय, पुढची सफर येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, फक्त तीन जागा शिल्लक.