‘४००० वॅट’वाला स्पीड रेग्युलेटर: जुन्या मिक्सरच्या मोटरला लावणार असाल तर आधी हे वाचा

पाचपैकी दोन स्टार. वस्तू चालते, म्हणजे नॉब फिरवला की मोटर हळू होते, परत फिरवला की जोरात, त्याबद्दल काही तक्रार नाही, आणि बाकीचे फाइव्ह स्टारवाले रिव्ह्यू पण तेवढंच सांगतायत, ‘मस्त चालतोय भाऊ’, ‘पैसा वसूल’. पण २३० व्होल्टची उघडी वस्तू आपण हातात घेणारोत, तिच्यात अर्थिंगची वायर कुठे जोडायची, फ्यूज आहे का, हे एकानेही लिहिलेलं नाही. म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू, कंटाळा आला तर फोटो बघून पुढे जा.

घेतला कशासाठी ते सांगतो. घरात जुना ५०० वॅटचा मिक्सर पडून होता, भांडी तडकलेली, झाकणं गायब, पण मोटर ठणठणीत. गौरी-गणपतीच्या आधी समया, निरांजनं, तांब्याचे हंडे चिंच लावून घासून घासून आईचे हात दुखायला लागतात, तर म्हटलं त्या मोटरला कापडी बफ (पॉलिशचं मऊ चाक) लावून पॉलिशचं छोटं मशीन करू. मिक्सरची मोटर मोकळी सोडली की १८-२० हजार आरपीएमला जाते, त्या स्पीडला बफच्या चिंध्या उडतील आणि निरांजन थेट शेजाऱ्यांच्या गॅलरीत. म्हणून रेग्युलेटर.

आता वस्तू. तीनशेच्या आत मिळते, अॅल्युमिनियमची डबी, दोन्ही टोकांना उघडी, मधे नॉब. टर्मिनलचे स्क्रू असे उघडे की करंगळी सहज टेकते. फ्यूज नाही. अर्थसाठी स्क्रू नाही, धातूची डबी असून! विक्रेत्याला विचारलं की बॉडी अर्थ कुठे करू, तर उत्तर आलं ‘सर अर्थिंगची गरज नाही, प्रॉडक्ट फुल सेफ आहे’. बरं.

आत एक ट्रायक आहे (करंट कापून स्पीड कमी करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), माझ्यात बीटीए४१ छापलेला आला. हे अक्षर बघून घ्या मंडळी, खरंच. बीटीए म्हणजे त्याची पाठ आतून इन्सुलेटेड, हिटसिंकला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला, चिकटवला तरी चालतो. बीटीबी आला तर त्याची पाठ थेट करंटला जोडलेली असते, म्हणजे हिटसिंक आणि डबी दोन्ही लाइव्ह, वरून काहीही कळत नाही. त्यात छापलेल्या नावावर पण विश्वास ठेवू नका, स्वस्तातल्या मालात काहीही छापलेलं असतं. प्लग लावायच्या आधी मल्टिमीटर बझरवर टाका, एक टोक हिटसिंकला, दुसरं एकेका टर्मिनलला. कुठेही वाजला तर तसाच परत पाठवा. माझा नाही वाजला म्हणून निदान दोन स्टार तरी आहेत.

मग ते ४००० वॅट. ४००० भागिले २३०, सतरा अँपिअरच्या वर. आपल्या घरातलं गीझरचं मोठं सॉकेटच १६ अँपिअरचं असतं राव! शिवाय चालू असताना ट्रायकवर साधारण सव्वा-दीड व्होल्ट पडतात, सतरा अँपिअरला त्याची वीस-पंचवीस वॅट उष्णता होते, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न त्या डबीत सतत चालू ठेवल्यासारखं. तेवढ्याशा हिटसिंकला पंख्याशिवाय ते झेपणार नाही. मिक्सरची मोटर दोन-तीन अँपिअर घेते, तिथे हा आरामात चालतो, तेवढं मान्य करायला पाहिजे. पण ट्रायक जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे मोटर बंद पडायच्या ऐवजी फुल स्पीडला सुटते. बफ असेल तर निभावेल एखादवेळ, पण काही जण याच मोटरला सहा इंची ग्राइंडिंगचं चाक लावतात, त्या चाकावर चार-साडेचार हजार आरपीएमची मर्यादा छापलेली असते. पुढचं सांगायला नको.

आणि नॉब शून्यावर नेला म्हणजे बंद झालं असं अजिबात समजू नका. ट्रायकमधून थोडा करंट झिरपतच असतो, आणि हा रेग्युलेटर एकाच वायरमधे बसतो, ती वायर न्यूट्रल निघाली तर मोटर थांबलेली दिसते पण अख्खी मोटर फेजवर. कितीतरी घरांत सॉकेटमधेच फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, त्यामुळे वायरच्या रंगावर जाऊ नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच लावा, आणि बफ बदलताना तरीही प्लग काढा.

आता जे रेग्युलेटरच्या रिव्ह्यूमधे बसत नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिक्सर खोलून आपण मोटर तेवढी ठेवतो आणि बाकी भंगारात टाकतो, आणि शॉकपासून वाचवणारं जे काही होतं ते नेमकं त्या ‘बाकी’त असतं. प्लॅस्टिकची बॉडी म्हणजे शोभेचं झाकण नाही, हात मोटरपर्यंत पोचू नये म्हणून ती आहे. बॉडी काढल्यावर मोटर टेबलावर ठेवून नीट बघा: आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) दोन बाजूंना कार्बन ब्रशचे पितळी होल्डर, चालू मोटरमधे दोन्ही लाइव्ह, आणि बोट जाईल इतके बाहेर. त्यांच्या खाली कार्बनची काळी भुकटी बसलेली. कार्बन करंट वाहून नेतो, होल्डरपासून लोखंडी फ्रेमपर्यंत त्या भुकटीचा थर तयार झाला की फ्रेम पण करंट मारते. प्लॅस्टिकच्या आत होती तोवर फ्रेम लाइव्ह झालेली कुणाला कळली पण नसती, आता तीच फ्रेम आपण डाव्या हाताने धरून उजव्या हाताने समई पुढे करतोय. केसांच्या ब्रशने आणि ब्लोअरने भुकटी साफ करा, तोंडाने फुंकू नका, सगळी नाकात जाते.

मिक्सरच्या खालचं लाल बटण पण फेकू नका. मिक्सर जाम झाला की टक करून बाहेर येतं ते, ते ओव्हरलोड स्विच आहे, सर्किटमधे परत जोडा. आणि तो तीन स्पीडचा स्विच! बऱ्याच मिक्सरमधे तो फील्ड कॉइलच्या (मोटरमधल्या स्थिर गुंडाळीच्या) वेगवेगळ्या टॅपवर, म्हणजे मधून काढलेल्या वायरींवर जातो, म्हणजे एक नंबरला कमी स्पीड कंपनीनेच करून दिलेला असतो. बफसाठी तोही जास्तच पडतो म्हणा, पण एक नंबरवर ठेवून मग रेग्युलेटर लावला तर ट्रायक मेला तरी मोटर तीन नंबरच्या स्पीडला जात नाही. लेबलवर ‘३० मिनिट रेटिंग’ लिहिलेलं असतं ते पण वाचा, ही मोटर तासभर सलग चालवायला बनवलेली नाही, गरम होऊन तारेवरचं वार्निशचं इन्सुलेशन गेलं की मग वायंडिंग (तारेची गुंडाळी) फ्रेमला टेकतं.

जोडायच्या आधी मोटर कोपऱ्यावरच्या वायंडिंगवाल्याकडे नेली. त्याने ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, एक टोक वायंडिंगला, एक फ्रेमला. एक मेगाओहमच्या खाली आलं तर वापरू नकोस म्हणाला, माझी बरीच वर निघाली. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, २३० ला फुटणारं इन्सुलेशन त्याला चांगलंच दिसतं. मग पहिल्यांदा चालू केली ती सिरीज लॅम्पवर, १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमधे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि तेवढ्यावरच भागतं, मेन फ्यूज उडत नाही.

सामान तापकीर गल्लीतून आणलं, पुण्यात असाल तर एकाच फेरीत सगळं मिळतं (जुनी मोटर हवी असेल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार). पीव्हीसीचा बंद बॉक्स, त्यात हा रेग्युलेटर आडवा, हवेसाठी खाली-वर भोकं पण बोट जाणार नाही एवढीच. नॉबचा दांडा धातूचा आहे म्हणून त्यावर पूर्ण प्लॅस्टिकचा खोल नॉब. आयएसआय मार्कची तीन कोअर वायर, बॉक्समधे शिरते तिथे ती घट्ट धरणारी ग्लँड, नाहीतर कुणी वायर ओढली की थेट टर्मिनलवर ताण येतो. अर्थची हिरवी वायर लग (टोकाची धातूची कडी) मारून फ्रेमच्या बोल्टला, खालचा रंग खरवडून, एक फाटा डबीला. ५ अँपिअरचा फ्यूज. या सगळ्याचे पैसे रेग्युलेटरच्या कितीतरी पट झाले, ते धरले तर ‘पैसा वसूल’ वगैरे काही राहत नाही.

आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपचा, ज्याला इलेक्ट्रिशियन अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा बोर्डावरचा स्विच) असताना हा कशाला असं बरेच जण विचारतात. एमसीबी वायरला वाचवतो, तुम्हाला नाही, अंगातून शंभर मिलिअँप गेले तरी त्याला पत्ता लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तोलतो, फरक पडला की सेकंदाच्या काही भागात तोडतो. दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाहीत. एक, फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरलेत तर त्याला फरक दिसत नाही, तुम्ही त्याच्यासाठी बल्बच. दोन, असा ट्रायकवाला रेग्युलेटर करंटची लाट कापतो, त्यामुळे गळती साध्या ‘एसी टाइप’ आरसीसीबीला नीट ओळखता येईलच असं नाही, ‘टाइप ए’चा मागून घ्या. टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा.

जुन्या वाड्यात, चाळीत सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थच्या भोकात बऱ्याचदा काहीच नसतं. काही महाभाग तिथे न्यूट्रलचाच तुकडा जोडून देतात, ‘अर्थिंग झालं’ म्हणून. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की फ्रीजपासून तुमच्या मशीनपर्यंत प्रत्येक बॉडी लाइव्ह. आधी अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर करून घ्या, मग मशीन.

लाईट जाण्याचं पण बघा. मशीन चालू असताना लाईट गेली, आपण स्विच तसाच ठेवून चहाला गेलो, लाईट आली की मशीन आपोआप सुरू, आणि तेव्हा तिथे कुणीतरी पोर बफला हात लावून बघत असणार. विहिरीवरच्या मोटरला हिरवं-लाल बटणवाला स्टार्टर असतो ना, लाईट आली तरी हिरवं दाबल्याशिवाय ती सुरू होत नाही, तीच युक्ती छोट्या कॉन्टॅक्टरने (त्या स्टार्टरच्या आतल्या चुंबकी स्विचने) इथे होते. या रेग्युलेटरमधे अर्थात तसलं काही नाही.

खाली प्रश्नोत्तरांत कुणी विचारलंय, वॉशिंग मशीन आणि पंख्याला चालेल का. कपॅसिटरवाली इंडक्शन मोटर असेल तर नका लावू, गुणगुणते आणि तापते. दुसऱ्याने विचारलंय, मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी करायचीय, त्याला लावू का. नको! नुसता रेग्युलेटर नको असं नाही, तो प्रकारच नको. दोन हजार व्होल्ट येतात तिथे, आणि ट्रान्सफॉर्मरने ती बाजू वेगळी केलेली असल्यामुळे तुमच्या हातातून गेलेला करंट घरच्या आरसीसीबीला दिसू पण शकत नाही. अमेरिकेत यात इतकी माणसं गेली की तिथल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत यावर बंदी घातली.

मग हा घ्यावा कुणी? सोल्डरिंग आयर्न, छोटा हीटर, किंवा बॉडी शाबूत असलेलं साधं ड्रिल मशीन हळू करायला ठीक आहे, पण बंद बॉक्समधे. फक्त पितळ चमकवायचं असेल तर शिलाई मशीनची मोटर बघा, पायाच्या पेडलसकट मिळते, बंद बॉडीची असते, ताकद कमी पण समईला पुरते, आणि पेडलवरून पाय काढला की थांबते. हे सगळं जोडून झाल्यावर मीही शेवटी तीच आणली, आई तीच वापरते, हा रेग्युलेटर आता सोल्डरिंगच्या टेबलावर गेलाय.

डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग चांगलं. बॉक्समधे मॅन्युअल नाही, एक्स्ट्रा नॉब आहे.